एका मानशीपासून सुरू होणारे जग : कथेसाठी काल्पनिक विश्व उभारण्याची एक रीत

कथेसाठी स्वतःचे काल्पनिक जग उभारण्याची इच्छा झालेला नवोदित लेखक बहुधा सर्वप्रथम नकाशा काढतो. कागदाच्या डाव्या बाजूला समुद्र, उजवीकडे पर्वत, मध्ये दोन नद्या, चार राज्ये आणि त्यांच्या राजधान्यांवर लाल ठिपके. पुढचे सहा महिने त्या राज्यांच्या वंशावळी, देवतांची नावे, लिपी आणि ध्वज यांत जातात, आणि कथेचे पहिले पान कोरेच राहते. दुसऱ्यांना हसण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्याही कपाटात अशा तीन वह्या पडून आहेत. त्यांत चौदा देव आणि नऊ राजघराणी आहेत, पण भूक लागल्यावर काय खावे हे त्यांतील एकाही माणसाला ठाऊक नाही.

जग उभारण्याच्या दोन रीती सहसा सांगितल्या जातात. पहिली वरून खाली येणारी : आधी भूगोल, मग इतिहास, मग राज्यव्यवस्था, मग गाव, घर आणि शेवटी माणूस. दुसरी खालून वर जाणारी : आधी एक पात्र आणि त्याची खोली, आणि कथेला लागेल तसतसे बाहेरचे जग. पहिलीत वर सांगितलेला धोका आहे. दुसरीत असा, की पाचव्या प्रकरणात लिहिलेली गोष्ट दुसऱ्या प्रकरणाला खोटे पाडते आणि लेखकाला ठिगळे लावत बसावे लागते. मी नवोदितांना तिसरी वाट सुचवतो. वास्तवापेक्षा वेगळी अशी एकच गोष्ट निवडावी आणि तिच्या परिणामांचा माग काढत राहावे. गोव्यात राहणाऱ्या लेखकाला यासाठी फार लांब जावे लागत नाही, आणि म्हणून पुढील सर्व उदाहरणे मी आपल्याच परिसरातून घेतली आहेत.

पहिली पायरी : एकच बदल

बदल निवडण्याआधी वास्तवातील एखादी व्यवस्था नीट समजून घ्यावी. मी खाजन निवडतो. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली ही सखल जमीन मांडवी, जुवारी, साळ या नद्यांच्या काठांनी पसरलेली आहे, आणि भरतीच्या वेळी बांधापलीकडील पाणी अनेक ठिकाणी शेतापेक्षा उंच असते. बांधात जेथे मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार, असते, तेथे लाकडी दारे अशा बेताने बसवलेली असतात की बाहेरून भरतीचे पाणी रेटू लागले की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वाढला की उघडतात. पावसाळ्यात पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो आणि कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात तेथे पिकते. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरली जाते, आणि त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. बांध फुटला तर नुकसान त्या एका हंगामापुरते राहत नाही, कारण शेतात शिरलेले मीठ लवकर निघत नाही.

या एवढ्याशा व्यवस्थेत किती कथा दडलेल्या आहेत हे पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याला खारे पाणी बाहेर हवे असते, तर मासळीचा हक्क घेतलेल्या माणसाला ते थोडे आत हवे असते. मानस एकच असते आणि तिच्या दाराशी दोघांचे पोट अडकलेले असते. भांडण लावून देण्यासाठी लेखकाला खलनायक आणावा लागत नाही, कारण दाराची रचनाच ते काम करते.

आता बदल करू. वास्तवात भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येते, म्हणजे बहुधा दिवसातून दोनदा, आणि दर दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. समजा, आपल्या काल्पनिक जगात भरती महिन्यातून एकदाच येते, अमावास्येला चढते आणि सात दिवस उतरत नाही. गावाचे नाव सुकतळे ठेवू. बाकी सर्व तूर्त जसेच्या तसे राहू द्यावे.

यानंतर स्वतःला 'मग काय?' हा प्रश्न तीन फेऱ्यांत विचारावा आणि उत्तरे लिहून काढावीत. पहिल्या फेरीत सरळ परिणाम येतात : सात दिवस गाव बेट होते, मानस बंद राहते, बाहेरचा माणूस आत येत नाही. दुसऱ्या फेरीत सवयी येतात : सगळी देणी अमावास्येच्या आदल्या दिवशी चुकती करावी लागतात, लग्ने भरतीच्या आठवड्यात ठेवत नाहीत, सुईण त्या आठवड्यात गावाबाहेर जात नाही, आणि सखल भागातले स्मशान पाण्याखाली जात असल्यामुळे त्या सात दिवसांत मेलेल्यांसाठी डोंगरावर वेगळी जागा राखून ठेवावी लागते. तिसऱ्या फेरीत माणसांची मने दिसू लागतात : दार कधी लावायचे हे ठरवणाऱ्या माणसाची गावात जरब असते, दार लागल्यावर बाहेर राहिलेल्या मुलाला आयुष्यभर 'भायलो' म्हणून चिडवतात, आणि भरतीत जन्मलेल्या मुलीला सोयरीक जमवताना तिची आई जन्मदिवस दोन दिवस पुढे सांगते. कथा सहसा तिसऱ्या फेरीत सापडते. पहिल्याच फेरीवर थांबलेली जगे चित्रासारखी सपाट वाटतात.

हे करताना दुसरा बदल आणण्याचा मोह होतो. बोलणारे मगर, उडत्या होड्या, दोन चंद्र, सगळेच सुचते. पहिला बदल तीन फेऱ्या पुरता मुरेपर्यंत दुसरा आणू नये.

जमीन, पाणी आणि अंतर

नकाशा नंतर काढावा असे म्हटले, तरी भूगोलाचे दोन-चार नियम आधीपासून माहीत असलेले बरे. नद्या समुद्राकडे जाताना एकमेकींना मिळतात. मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर त्या सहसा फुटत नाहीत. नवोदितांच्या नकाशांत एकाच नदीच्या दोन नद्या होऊन दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळालेल्या मी पाहिल्या आहेत. पर्वताची जी बाजू पावसाच्या वाऱ्याला सामोरी असते ती हिरवी असते आणि पाठीमागची बाजू कोरडी. पणजीला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सह्याद्री ओलांडून धारवाडकडे जाईपर्यंत हा आकडा हजारच्याही खाली येतो. म्हणजे जेमतेम पाच-सहा दिवसांच्या पायवाटेवर पीक, घराच्या छपराचा उतार, जेवण आणि पावसाविषयीची गाणी बदलतात. आपल्या जगात पर्वतरांग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंची माणसे सारखीच भाकरी खाऊ शकत नाहीत.

अंतराचा हिशोब दिवसांत ठेवावा. निरोगी माणूस ओझे घेऊन दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३७०२ चौरस किलोमीटर आहे आणि उत्तर-दक्षिण लांबी १०० किलोमीटरच्या थोडी वर. तरीही तेरेखोलहून पोळेपर्यंत चालत निघालेल्या माणसाला तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ आणि तळपण या नद्या वाटेत लागतात, आणि पूल नव्हते तेव्हा प्रत्येक तरीवर होडीची वाट पाहावी लागे. काल्पनिक राज्य भारताएवढे मोठे करण्याची गरज नसते. लहान प्रदेशात सहा नद्या टाकल्या तर तो आपोआप मोठा होतो. आणि नायकाचा निरोप दूतापेक्षा आधी पोहोचत असेल, तर तो कसा पोहोचला हे लेखकाला तरी ठाऊक असलेच पाहिजे.

जुलै महिन्यात लोक काय खातात?

माझ्या मते जग उभारताना सर्वांत अधिक वेळ या प्रश्नाला द्यावा. राजवाड्यातील मेजवानीचे वर्णन कुणीही करतो. टंचाईच्या महिन्यात गरिबाच्या घरी काय शिजते, हे ज्याने ठरवले त्याचे जग उभे राहते.

गोव्यात यंत्रचलित बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते, आणि बंदी नव्हती तेव्हाही खवळलेला समुद्र तेच काम करीत होता. म्हणून मे महिन्यात घराघरांतून पुरुमेंत भरले जाते : सुके बांगडे, सुकी सुंगटे, मीठ, आमसुले, चिंच, मिरच्या, कडधान्ये, लोणची, सांडगे. पुरुमेंत हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे, पण त्यामागची भीती कुठल्याही भाषेतून आलेली नाही. एका शब्दात ऋतू, बाजार, घरातील बाईचे नियोजन, साठवणीची भांडी आणि ओल लागून सुकी मासळी बिघडली तर येणारे संकट एवढे सगळे सामावले आहे. आपल्या जगातही असा एक शब्द घडवावा.

सुकतळ्यात तो शब्द काय असेल? सात दिवसांची शिदोरी म्हणून मी त्याला 'सातवण' असे नाव दिले. लगेच पुढचे प्रश्न आले. सातवण कुणाकडे पुरते आणि कुणाकडे पाचव्या दिवशी संपते? संपले तर उधार मागण्याची रीत कोणती? दुसऱ्याच्या घरातील सातवणीच्या हंड्यात डोकावणे असभ्य मानतात का? माझ्या उत्तरांत असे ठरले की सातव्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक घर उरलेले अन्न उंबऱ्यावर ठेवते, म्हणजे ज्यांचे संपले आहे त्यांना मागावे लागत नाही. आणि एक घर असे आहे जे भरपूर असूनही काहीच ठेवत नाही. त्या घरातील सुनेपासून कथा सुरू होऊ शकते.

अन्नाच्या पाठोपाठ मालकी येते. बांध दुरुस्त कोण करतो, आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळते? गोव्यातील गावकरी नावाची जुनी व्यवस्था, जी पुढे पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद या नावाने ओळखली जाऊ लागली, ती याच प्रश्नाचे उत्तर होती : जमीन गावाची सामाईक, तिचे उत्पन्न आधी बांध, देऊळ आणि इतर सार्वजनिक खर्चाला, आणि उरलेल्यातून गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ हक्कदार घराण्यांतील पुरुषांना, 'जोन' म्हणून वाटा. अशा व्यवस्थेत राजा फार दूर असतो. खरा झगडा असतो तो गावकार कोण आणि कोण नाही, याचा. कायद्याचेही तसेच. १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेल्या गोव्याच्या कुटुंब कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा वाटा असतो. हे एकच कलम बदलले तर वाड्याच्या वाटणीवरची कादंबरी पूर्णपणे वेगळी होईल. काल्पनिक जगाच्या वहीत ध्वजाचे रंग लिहिण्याआधी वारसा कुणाला मिळतो हे एका ओळीत लिहून ठेवावे.

देव, राखणदार आणि जादू

नवोदितांच्या वह्यांत देवांच्या याद्या असतात : हा वाऱ्याचा, ही अग्नीची, हा युद्धाचा. अशा देवांना खाते असते, पण पत्ता नसतो. आपल्या गावांतील दैवतांकडे पाहावे. सांतेर वारुळाच्या रूपात पुजली जाते, म्हणजे ती त्या मातीतूनच वर आलेली असते. राखणदार गावाच्या सीमेवर असतो, रात्री फेरी मारतो अशी श्रद्धा असते, आणि त्याला रोट, सुरा, विडी असे ठरलेले काही द्यावे लागते. दैवताला जागा आहे, काम आहे आणि मोबदला आहे. काल्पनिक जगातील प्रत्येक दैवताविषयी या तीन गोष्टी लिहिता आल्या तर यादीची गरज उरत नाही.

दैवतांना इतिहासही असतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यातील तालुक्यांतून देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला नेली गेली, आणि आजही छत्रोत्सवात ती आपल्या जुन्या गावी येते, तेव्हा गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या तिच्यासोबत असतात. धर्म बदललेल्या आणि न बदललेल्या अशा दोन्ही घरांचा त्या परंपरेशी संबंध आहे. एखाद्या लेखकाने हे कल्पनेने रचले असते तर संपादकाने 'फारच जुळवून आणलेले' म्हणून परत पाठवले असते! यातून घ्यायचे ते एवढेच की, आपल्या जगातील देव कधी हलला का, कुणी हलवला, आणि ज्या गावातून तो गेला तेथे आज काय उरले आहे, हे विचारावे. रिकाम्या गाभाऱ्यातून जेवढी कथा निघते तेवढी भरलेल्यातून निघत नाही.

जादूचेही असेच. ती काय करू शकते यापेक्षा काय करू शकत नाही आणि तिची किंमत कोण मोजतो, हे आधी ठरवावे. सुकतळ्यात मी असे ठरवले की मानसकार, म्हणजे दाराचा रखवालदार, मंत्र म्हणून भरती एक दिवस उशिरा आणू शकतो. पण तो दिवस पुढच्या महिन्यात परत द्यावा लागतो, आणि तेव्हा पाणी आठ दिवस राहते. आता गावाने आपल्या मुलीच्या लग्नासाठी एक दिवस मागितला, तर पुढच्या महिन्यात आठव्या दिवसाची भूक सगळ्यांनाच सोसावी लागते. जादू फुकट असेल तर कथेतील प्रत्येक अडचण तिसऱ्या पानावर सुटते.

येथे थोडे विषयांतर करून सांगतो. एखाद्या जमातीचा विधी, विशेषतः जो चार लोकांत सांगितला जात नाही असा, जसाच्या तसा उचलून काल्पनिक नावाखाली छापणे मला योग्य वाटत नाही. त्या विधीची रचना, त्यातील देवाणघेवाण समजून घ्यावी आणि आपले स्वतःचे काहीतरी घडवावे. लेखक म्हणूनही त्यातच अधिक समाधान असते.

नावे

नावांसाठी अनेकजण अवघड जोडाक्षरे जुळवीत बसतात, आणि परिणामी सगळी राज्ये औषधांच्या नावांसारखी ऐकू येतात. गावांची नावे माणसे कशी ठेवतात ते पाहावे. परंपरेने सांगतात की तिसवाडी म्हणजे तीस वाड्या आणि साष्टी म्हणजे सासष्ट गावे. बारदेशचा अर्थही बारा देश असाच लावला जातो. म्हणजे वसाहत करणाऱ्यांनी आधी मोजले आणि तोच आकडा नाव झाला. काही नावे झाडांवरून येतात, काही पाण्यावरून, काही देवतेवरून. आपल्या जगात नावे ठेवण्याचे दोन-तीन नियम ठरवावेत आणि नंतर एक-दोन नावे मुद्दाम नियमाबाहेर ठेवावीत, कारण प्रत्येक प्रदेशात पूर्वीच्या लोकांनी ठेवलेली, आज कुणालाच अर्थ न लागणारी काही नावे उरलेली असतात.

त्याहून उपयुक्त साधन म्हणजे उसने शब्द. चावी, पगार, पिंप, काडतूस, बिजागरी, लिलाव, पाव, बटाटा, हापूस : हे सगळे शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले आहेत. ही यादी नुसती वाचली तरी समुद्रावरून कोण आले आणि त्यांच्या गलबतांतून काय उतरले ते कळते. त्यात दारूगोळा आहे, कुलूप-किल्ली आहे, नोकरी आहे, नवी कंदमुळे आहेत. इतिहासाचे प्रकरण न लिहिता लेखकाने पात्रांच्या तोंडी असे सहा शब्द पेरले की पुरे. सुकतळ्यात मी दाराशी संबंधित सगळे शब्द एका परक्या भाषेतले ठेवले आणि भाताशी संबंधित सगळे स्थानिक. मानस मुळात कुणी बांधली याविषयी मग एक वाक्यही लिहावे लागले नाही.

एकाच जागेला दोन नावे असणेही स्वाभाविक आहे. सत्तरीत जी म्हादई, तीच पुढे मांडवी. पात्र कोणते नाव उच्चारते त्यावरून ते कुठल्या काठावरचे हे समजावे.

भूतकाळ किती लिहावा?

थोडाच लिहावा. कथेतील माणसाला इतिहास सनावळीने ठाऊक नसतो. तो त्याला खुणांतून दिसतो. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. मे महिन्यात पाणी खाली उतरते तेव्हा घरांची जोती, वाटा आणि देऊळ उघडे पडते, आणि जुने ग्रामस्थ काही दिवसांसाठी तेथे परततात. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे आडनाव त्याच गावाचे. गाव वर्षातील बहुतेक काळ पाण्याखाली असते आणि आडनाव मात्र मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतून ऐकू येत राहते. भूतकाळ दाखवण्याची ही रीत मला फार उत्तम वाटते : एक उरलेली वस्तू, एक उरलेले नाव आणि ती पाहायला येणारी माणसे.

दुसरे उदाहरण नाण्यांचे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत रुपिया जाऊन एस्कुदो आला, आणि १९६१ सालच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर तोही जाऊन भारतीय रुपया आला. एखाद्या आजीच्या पेटीत तीन प्रकारची नाणी सापडली की तीन काळांचे काम होते. आपल्या जगाच्या भूतकाळासाठी अशा पाच वस्तू लिहाव्यात. वंशावळी राहू द्याव्यात.

अभ्यासासाठी पुस्तके लागतातच. पणजीतील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासूनचे आहे आणि तेथे बसून जुनी वृत्तपत्रे चाळण्यासारखे स्वस्त आणि लाभदायक काम दुसरे नाही. पण त्याआधी एकदा ओहोटीच्या वेळी एखाद्या बांधावर, शेतमालकाला विचारून, उभे राहावे. चिखलाचा वास ग्रंथालयात मिळत नाही.

कागदावर उतरवताना

एवढी तयारी झाल्यावर लेखकाला ती सगळी वाचकाला सांगून टाकावीशी वाटते. पुढील परिच्छेद मी पहिल्या खर्ड्यात लिहिला होता :

'सुकतळे हे गाव खारवती नदीच्या मुखाशी वसलेले होते. तेथे महिन्यातून एकदाच भरती येत असे आणि ती सात दिवस टिकत असे. त्यामुळे तेथील लोक सात दिवसांचे अन्न साठवून ठेवत, ज्याला सातवण असे म्हणत.'

यात चूक एकही नाही, आणि म्हणूनच तो निरुपयोगी आहे. हे माहितीपत्रक आहे. दुसऱ्या खर्ड्यात तेच असे झाले :

'अमावास्येला दोन रात्री उरल्या होत्या. पार्वतीने सातवणीच्या हंड्यात हात घालून तांदूळ चाचपले आणि पुन्हा झाकण लावले. चौथ्या दिवसापर्यंत पुरतील. पाचव्या दिवसाचे सासूबाईंना काय सांगायचे, याचा विचार करीत ती अंगणात आली, तेव्हा मानसकाराचा मुलगा समोरच्या दारावर चुन्याचा ठिपका काढत होता.'

भरती किती दिवसांची हे येथे सांगितलेले नाही, पण वाचकाने ते जवळजवळ ओळखले आहे, आणि चुन्याचा ठिपका कशासाठी हे त्याला जाणून घ्यायचे आहे. सर्वसाधारण नियम असा ठेवता येतो की, जगाविषयीची कोणतीही माहिती पात्राला तिची गरज पडेल त्याच क्षणी द्यावी, आणि पात्राला जे रोजचे आहे त्याचे त्याने आश्चर्य करू नये. मडगावच्या बाजारात मासळी घेणारी बाई 'हा समुद्रातून येणारा मासा' असे म्हणत नाही; ती फक्त कल्ले उचलून पाहते.

दुसरीकडे लेखकाच्या वहीत मात्र सर्व काही सरळ शब्दांत असावे. मी एका वहीत चार भाग ठेवतो : नियम, शब्द, अंतरे आणि कोण कुणाला काय देणे लागतो. प्रत्येक प्रकरण लिहून झाले की त्यात नव्याने आलेली गोष्ट त्याच दिवशी तेथे टिपतो. मानसकाराचा मुलगा दुसऱ्या प्रकरणात डावरा असेल तर नवव्या प्रकरणातही तो डावराच असला पाहिजे, आणि हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी स्मरणशक्तीवर सोपवू नये.

मोडून पाहणे

जग पुरेसे उभे राहिले की नाही हे तपासण्याचा एक उपाय आहे : त्यातील एक गोष्ट मोडावी. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. पणजी आणि बारदेश यांना जोडणारा रस्ता नाहीसा झाला आणि लोक पुन्हा फेरीबोटीवर आले, तेही ऐन पावसाळ्यात. कचेरीत वेळेवर पोहोचण्यापासून दवाखान्यापर्यंत आणि भाजीच्या भावापर्यंत कशाकशाला धक्का लागला असेल याची कल्पना केली, की एक पूल किती गोष्टींना धरून असतो ते लक्षात येते.

सुकतळ्यात मी मानशीच्या दोन दारांपैकी एक कुजवले, आणि तेही अमावास्येच्या रात्री. बांध अजून शाबूत आहे, पाणी चढते आहे, मानसकाराकडे उसना मागता येणारा एक दिवस आहे, आणि गेल्या महिन्यातील लग्नासाठी तो आधीच वापरला गेला आहे. कोण धावत येईल, कोण येणार नाही, कुणाचे शेत मानशीला सर्वांत जवळ आहे, मासळीचा हक्क कुणी घेतला होता, आणि दार कुजत असल्याचे सर्वप्रथम कुणाच्या लक्षात आले होते? या प्रश्नांची उत्तरे वहीत न पाहता देता आली तर जग तयार आहे असे समजावे. एखाद्या प्रश्नाशी अडखळायला झाले तर त्याच पायरीवर परत जावे. नंतर त्या रात्रीचा प्रसंग दोन पानांत लिहून काढावा. नकाशा काढायचाच असेल तर तो त्यानंतर, आणि त्या दोन पानांत जेवढ्या वाटांवरून माणसे धावली तेवढ्याच वाटांचा काढावा.